अंतर मिटले की जनुक बोलते

१९७६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये नोबुमिची होझुमी आणि सुसुमु तोनेगावा यांचा पाच पानांचा शोधनिबंध छापून आला. पाठ्यपुस्तके त्याची बोळवण एका वाक्यात करतात: प्रतिपिंडाचे जनुक तुकडे जोडून तयार होते, हे तोनेगावांनी दाखवले. वाक्य खरे आहे. पण निष्कर्ष पाठ असूनही निबंध न वाचलेलाच राहू शकतो. या पाच पानांतली पुराव्याची मांडणी सावकाश चाखण्याजोगी आहे. आणि निबंध जिथे थांबतो, तिथे एक मोठा प्रश्न उघडा राहतो: रोगप्रतिकारक पेशींची ग्राही-जनुके बोलू लागतात ती कधी, आणि कोणाच्या सांगण्यावरून?

आधी अडचण समजून घेऊ. बी पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राही म्हणजे पेशीच्या पटलात रोवलेले प्रतिपिंडच. त्याच्या जड आणि हलक्या, प्रत्येक साखळीचा पुढचा भाग पेशीगणिक बदलतो. मागचा भाग सारखाच राहतो. शरीर कोट्यवधी तऱ्हांचे ग्राही घडवते आणि माणसाची प्रथिने घडवणारी जनुके मात्र वीस हजारांच्या आसपास. १९६५ मध्ये विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट यांनी सुचवले, की चल भागाचे जनुक वेगळे आणि स्थिर भागाचे वेगळे असावे आणि ती दोन्ही पेशीत एकत्र येत असावीत. त्या काळी हे पचणे कठीण होते. एका प्रथिनाला एक जनुक, आणि शरीरातल्या प्रत्येक पेशीत तोच डीएनए, या दोन गोष्टींवर सगळ्या जीवशास्त्राची भिस्त होती. तोनेगावा १९७१ साली बासेलच्या इम्युनॉलॉजी संस्थेत आले ते रेनातो दुल्बेको यांच्या प्रयोगशाळेतून, रेण्वीय जीवशास्त्राची तंत्रे घेऊन. रोगप्रतिकारशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता. मला वाटते, त्यामुळेच त्यांनी प्रश्न इतका उघडावाघडा विचारला: डीएनए सारखाच आहे का, ते पाहू या.

प्रयोग असा. उंदराच्या कोवळ्या गर्भातला डीएनए घ्यायचा. दुसरीकडे ‘एमओपीसी ३२१’ या अर्बुदातला घ्यायचा. या अर्बुदाच्या पेशी एकाच प्रकारची कप्पा ही हलकी साखळी बनवत असतात. दोन्ही डीएनए ‘बॅम एच-वन’ या विकराने कापायचे, तुकडे अगारोजच्या जेलमधून आकारानुसार वेगळे करायचे आणि कप्पा साखळीच्या किरणोत्सारी संदेश-आरएनएने विचारायचे, की तुझी अक्षरे कुठल्या तुकड्यात आहेत? खरी खुबी इथे आहे. केवळ चल भाग ओळखेल असा शोधक लेखकांकडे नव्हता. म्हणून त्यांनी दोनदा विचारले: एकदा अख्ख्या आरएनएने, एकदा त्याच्या मागच्या अर्ध्याने. मागचे अर्धे फक्त स्थिर भाग ओळखते. पहिल्या उत्तरातून दुसरे वजा केले की उरतो तो चल भाग. उणेपणातून पुरावा काढण्याची ही रीत मला फार देखणी वाटते.

उत्तर आले ते आकड्यांत. गर्भाच्या डीएनएत दोन तुकडे उजळले. साठ लाख रेण्वीय वजनाचा तुकडा स्थिर भागाचा, एकोणचाळीस लाखांचा चल भागाचा. अर्बुदाच्या डीएनएत एकच तुकडा उजळला, चोवीस लाखांचा, आणि त्याने दोन्ही शोधकांना होकार दिला.

या चोवीस लाखांवर वाचकाने थांबायला हवे. दोन तुकड्यांच्या जागी एक दिसला, तर शंकेखोर म्हणेल: अर्बुदात उत्परिवर्तन होऊन मधली कापायची खूण पुसली गेली असेल, म्हणून शेजारचे दोन तुकडे न कापता राहिले. पण तसे असते तर नवा तुकडा दोघांच्या बेरजेएवढा, म्हणजे नव्याण्णव लाखांचा भरला असता. इथे तो दोघांपैकी लहानाहूनही लहान आहे. दोन्ही भाग त्यात आहेत, मग मधले काहीतरी निघून गेले आहे. पेशीने स्वतःचा डीएनए कापला आणि टोके जुळवली, हे त्या एका आकड्याच्या लहानपणात आहे. (सगळ्याच वेळी मधला भाग फेकला जातो असे नाही. कप्पा जनुकाचे काही चल तुकडे उलट दिशेने लिहिलेले आहेत. ते जुळताना मधला पट्टा उलटा होतो आणि गुणसूत्रातच राहतो.) दोनच वर्षांत तोनेगावांच्या प्रयोगशाळेने या जुळणीतला आणखी एक छोटा तुकडा, चल आणि स्थिर यांच्यामधला जोड-तुकडा, वाचून दाखवला. १९८७ चे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले.

आता निबंधाची मौनाची जागा. जनुक जुळते, एवढे कळले. पण न जुळलेला चल तुकडा गप्प का असतो? प्रत्येक चल तुकड्याच्या पुढे त्याचा स्वतःचा प्रोमोटर असतो, म्हणजे जिथून जनुकाचे वाचन सुरू होते ती जागा. असे कितीतरी चल तुकडे, प्रत्येकाकडे वाचनाची सोय, आणि तरी एका पेशीत जुळलेला एकच तेवढा जोरात वाचला जातो.

उत्तर १९८३ मध्ये मिळाले. जड साखळीच्या जनुकात जोड-तुकडे आणि स्थिर भाग यांच्यामध्ये एक पट्टा आहे, जो प्रथिनात कधीच उतरत नाही. आरएनए तयार होताना तो कापून टाकला जातो. स्टीफन गिलीज, शेरी मॉरिसन, व्हर्नन ओई आणि तोनेगावा यांनी त्या पट्ट्याचा काही अंश काढून टाकला तेव्हा जनुकाचा आवाज एकदम बसला. ज्युलियन बॅनर्जी आणि वॉल्टर शाफ्नर यांच्या गटालाही त्याच सुमारास तेच सापडले. हा एनहान्सर होता, दुरून प्रोमोटरला जोर देणारा डीएनए. विषाणूंमध्ये तो दोन वर्षे आधी ओळखला गेला होता. प्राण्याच्या स्वतःच्या जनुकात तो प्रथमच दिसत होता. आणि तो लसिकापेशींमध्येच काम करत होता.

आता जागा पाहा. प्रोमोटर चल तुकड्यापाशी. एनहान्सर स्थिर भागापाशी, लाखो अक्षरांच्या पलीकडे. जुळणी झाली की निवडलेल्या चल तुकड्याचा प्रोमोटर एनहान्सरच्या टप्प्यात येतो. आळीत शंभर घरे आणि दिवा एकच, तोही देवळात पक्का रोवलेला. दिवा घरोघर हलवायचा नाही, एक घरच उचलून देवळाशेजारी आणायचे, असा हा बेत आहे. जनुक घडवणे आणि जनुक सुरू करणे ही दोन कामे इथे वेगळी राहिलेलीच नाहीत. जुळणी हीच कळ. नियंत्रणासाठी वेगळी यंत्रणा ठेवण्याऐवजी ते अंतरातच गुंफून टाकले आहे, आणि या रचनेचे सौंदर्य मला सर्वांत जास्त इथे जाणवते.

एनहान्सरची जागाही किती नेमकी! तो जोड-तुकड्यांच्या नंतर येतो, म्हणून पहिल्या जुळणीत कापला जात नाही. पुढे बी पेशी प्रतिपिंडाचा वर्ग बदलते तेव्हा स्थिर भागाच्या बाजूला दुसरी कापाकापी होते; त्या कापाच्या जागेच्याही तो आधी आहे. दोन्ही शस्त्रक्रियांतून सुखरूप राहील अशा चिंचोळ्या पट्टीत तो बसला आहे.

अक्षरांच्या पातळीवर उतरले तर आणखी एक गंमत हाती लागते. प्रोमोटरांत आठ अक्षरांची एक खूण असते. जड साखळीत ती ए-टी-जी-सी-ए-ए-ए-टी अशी येते, हलक्या साखळ्यांत ए-टी-टी-टी-जी-सी-ए-टी अशी. वरवर दोन वेगळे शब्द. पण डीएनएचा समोरचा धागा वाचला की एक दुसऱ्याचा पडसाद निघतो. तीच खूण, उलट तोंडाने लिहिलेली. कप्पा साखळीच्या एनहान्सरमधल्या दुसऱ्या एका खुणेला कोणते प्रथिन चिकटते हे शोधताना १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना एनएफ-कप्पा-बी सापडले. नावातले कप्पा या साखळीचेच, आणि बी हे त्या खुणेच्या जागेचे. पुढे हे प्रथिन जवळजवळ प्रत्येक पेशीत, दाहापासून कर्करोगापर्यंत सगळीकडे भेटले. एका जनुकाचे बारकाईने केलेले वाचन केवढे दूर पोचू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

कापायचे कुठे, हेही अक्षरांतच लिहिलेले आहे. प्रत्येक तुकड्याच्या कडेला सात अक्षरे असतात: सी-ए-सी-ए-जी-टी-जी. मधले ए सोडले तर समोरच्या धाग्यावरही हेच वाचता येते. मग बारा किंवा तेवीस अक्षरांची मोकळी जागा, आणि नंतर नऊ अक्षरांची दुसरी खूण. बारा म्हणजे डीएनएच्या पिळाचा साधारण एक वेढा, तेवीस म्हणजे दोन. बाराची खूण तेवीसच्या खुणेशीच जुळते, स्वतःसारखीशी नाही. जड साखळीत चल तुकड्यांना तेवीस, जोड-तुकड्यांनाही तेवीस, आणि मधल्या छोट्या ‘डी’ तुकड्यांना दोन्ही बाजूंनी बारा. म्हणून चल तुकडा डी-ला ओलांडून थेट जोड-तुकड्याशी जुळू शकत नाही. व्याकरण इतके थोडे आणि इतके कडक.

कापणारे विकर १९८९ आणि १९९० मध्ये सापडले, डेव्हिड शॅट्झ, मार्जोरी ऑटिंगर आणि बाल्टिमोर यांच्या कामातून: रॅग-१ आणि रॅग-२. ती दोन जनुके फायब्रोब्लास्ट पेशीत घातली, म्हणजे प्रतिपिंडाशी काही संबंध नसलेल्या पेशीत, तर तीही बाहेरून दिलेला डीएनए खुणांवर कापून जोडू लागली. पण त्याच पेशीची स्वतःची प्रतिपिंड-जनुके जशीच्या तशी राहिली. खुणा त्याच, विकर हजर, आणि तरीही काप नाही. म्हणजे अक्षरे पुरेशी नाहीत. ती उघडी असावी लागतात. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, आणि बंद गुंडाळीला रॅग शिवत नाही.

ती गुंडाळी उघडते कशी? याचा धागा १९८५ मध्येच जॉर्ज यान्कोपूलोस आणि फ्रेडरिक ऑल्ट यांना मिळाला होता. जुळण्याच्या आधी, अजून सुटेच असलेले चल तुकडे हलक्या आवाजात वाचले जातात. त्या आरएनएतून उपयोगाचे प्रथिन निघत नाही. पण वाचले जात आहेत म्हणजे ते उघडे आहेत, आणि उघडे आहेत म्हणून जुळू शकतात. २००७ मध्ये या दुव्याची दुसरी बाजू दिसली. जिथे वाचन सुरू असते तिथल्या हिस्टोनवर एक विशिष्ट मिथाइल खूण उमटते, आणि रॅग-२ च्या अंगावर नेमकी ती खूण ओळखणारा खिसा आहे. कापणारा आधी विचारतो, की इथे कोणी वाचत आहे का?

हा या सगळ्या रचनेचा गाभा आहे असे मला वाटते. जुळणी झाली म्हणून जनुक मोठ्याने वाचले जाते, हे आपण पाहिले. आता दिसते की आधी हळू वाचले गेले म्हणून जुळणी झाली. अभिव्यक्ती आणि घडण एकमेकींच्या पोटात आहेत. कोण कारण आणि कोण कार्य, हे एका दिशेच्या बाणाने दाखवताच येत नाही.

उंदराच्या जड साखळीचे जनुक पंचवीस ते तीस लाख अक्षरांवर पसरलेले आहे. इतक्या लांबून चल तुकडा येतो कसा, याचेही उत्तर अलीकडे मिळाले आहे. रॅग जोड-तुकड्यांच्या टोकाशी ठाण मांडून बसते आणि कोहेसिन नावाचे प्रथिनांचे कडे डीएनए ओढत ओढत त्याच्या समोरून नेते. कोहेसिनला सोडवणाऱ्या वापल या प्रथिनाचे प्रमाण कोवळ्या बी पेशीत पॅक्स-५ हे दुसरे प्रथिन कमी करते. म्हणून कडे लवकर निसटत नाही, फासा लांब होतो आणि दूरचे चल तुकडेही रॅगच्या समोर येतात. इथेही नियंत्रण अंतराचेच.

अंतरावर सारे सोपवल्याची किंमतही द्यावी लागते. डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये युगांडातल्या मुलांच्या जबड्यांत वाढणाऱ्या अर्बुदाचे वर्णन केले. १९८२ मध्ये कळले, की त्या पेशींत पुष्कळदा आठव्या गुणसूत्रावरचे सी-मिक हे वाढीचे जनुक तुटून चौदाव्यावर, थेट जड साखळीच्या जनुकात येऊन पडलेले असते. बी पेशीला आपला डीएनए कापायची मुभा आहे; त्या मुभेत घडलेला हा प्रमाद. एनहान्सर प्रोमोटरची जात पाहत नाही. टप्प्यात जो येईल त्याला जोर देतो. वाढीचे जनुक त्याच्या टप्प्यात आले, आणि पेशी वाढतच सुटली.

आता या जनुकाचा शेवट वाचू, कारण तिथेही एक निवड लिहिलेली आहे. तोच ग्राही कधी पेशीच्या पटलात रोवलेला असतो आणि कधी प्रतिपिंड म्हणून रक्तात सोडला जातो. जनुके दोन नाहीत, एकच. १९८० मध्ये बाल्टिमोर आणि लेरॉय हूड यांच्या गटांनी दाखवले, की एकाच जनुकाच्या आरएनएला दोन ठिकाणी संपवता येते. आधी संपवला तर साखळीला वीस अमिनो आम्लांची शेपटी मिळते आणि ती बाहेर पडते. पुढपर्यंत नेऊन मधले कापले, तर एकेचाळीस अमिनो आम्लांची तेलकट शेपटी मिळते आणि ती पटलात अडकते. कोवळी पेशी दुसरे करते. प्रतिपिंड ओतणारी प्लाझ्मा पेशी पहिले. ग्राही आणि अस्त्र यांच्यातला फरक फक्त पूर्णविराम कुठे पडला, एवढाच.

ही शेपटी केवळ अडकून राहण्यासाठी नाही, हे १९९२ मध्ये दाइसुके कितामुरा आणि क्लाउस रायेव्स्की यांच्या प्रयोगाने दाखवले. एका पेशीत जड साखळीची दोन जनुके असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. पण पेशी एकाच साखळीचा ग्राही वापरते. या दोघांनी उंदराच्या जनुकातून ती पटलात रोवणारी शेपटीच काढून टाकली. साखळी तयार होत राहिली, पण पृष्ठभागावर येईना, आणि दुसरे गुणसूत्र गप्प बसायचे विसरले. अर्थ स्पष्ट होता: पहिली साखळी पटलावर पोचून आत निरोप धाडते, ‘आता पुरे’, आणि मग रॅग थांबते, दुसरे जनुक पुन्हा मिटते. होझुमी-तोनेगावांच्या अर्बुदात दोन्ही गुणसूत्रांवर जुळणी झालेली दिसत होती, आणि बोलणारे जनुक एकच कसे, याची चर्चा त्यांनी निबंधाच्या शेवटी केली होती. या कोड्याचा काही भाग नुसत्या गणिताचा आहे: जोडताना अक्षरे कमीजास्त होतात, आणि तीन-तीन अक्षरांची चौकट तिनांतून साधारण एकदाच जुळते. दुसऱ्या गुणसूत्राचे जनुक पुष्कळदा जुळते खरे, पण त्याचे वाचन निरर्थक निघते.

टी पेशीचा ग्राही १९८४ मध्ये हाती लागला, मार्क डेव्हिस आणि स्टीफन हेड्रिक यांना उंदरात, टाक माक यांना माणसात. त्याची बीटा साखळी ‘एका पेशीत एकच’ ही शिस्त बऱ्यापैकी पाळते. अल्फा साखळी पाळत नाही, आणि माझे मन तिच्याकडेच अधिक ओढ घेते. तिच्याकडे वळण्याआधी एक नोंद: थायमस या ग्रंथीत, जिथे टी पेशी घडतात तिथे, गुणसूत्राचे फासे कसे बांधले जातात, या कामात पुण्याचाही वाटा आहे. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात संजीव गलांडे यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले, की थायमसच्या डीएनएला फाशांत बांधणाऱ्या सॅट-बी-१ या प्रथिनावर फॉस्फेट आहे की नाही, यावर ते जनुक दाबणाऱ्या विकराला जवळ करते की उघडणाऱ्याला, हे ठरते.

अल्फा जनुकात साठच्या आसपास जोड-तुकडे एका ओळीत आहेत आणि एनहान्सर सगळ्यांच्या शेवटी, स्थिर भागाच्याही पलीकडे. ओळीच्या सुरुवातीला एक प्रोमोटर आहे, त्याचे नाव टीईए. तो पहिल्या काही जोड-तुकड्यांवरून वाचन सुरू करतो, म्हणून पहिली जुळणी तिथेच होते. या जुळणीतून बनलेला ग्राही थायमसमध्ये निरुपयोगी ठरला, तर पेशी पुन्हा प्रयत्न करते. मायकेल क्रांगेल यांच्या प्रयोगशाळेने दाखवले ते मला विलक्षण वाटते. पहिल्या जुळणीने आत ओढलेल्या चल तुकड्याचा प्रोमोटर आता टीईएच्या जागी बसलेला असतो, आणि त्याच्या वाचनाने पुढचे जोड-तुकडे उघडतात. मग आणखी लांबचा चल तुकडा त्या पुढच्या जोड-तुकड्यांपैकी एकाशी जुळतो, आणि मधली आधीची फसलेली जुळणी गुणसूत्रातून सुटून जाते. पेशीला थायमसमध्ये यासाठी मोजके दिवस मिळतात. तिचे आयुष्य थोडे लांबले तर ओळीच्या शेवटचे जोड-तुकडे वापरात येतात. आखडले तर ते शिवलेच जात नाहीत. ज्या जुळणीचा ग्राही थायमसमधल्या स्वतःच्या रेणूंशी बेताने बांधला जातो, तिथे संकेत आत पोचतो, रॅगची दोन्ही जनुके मिटतात, आणि ओळीतले उरलेले जोड-तुकडे त्या पेशीत कायमचे न वापरलेले राहतात.